जब्दीचं पुढे काय झालं?

मेलेल्या माणसांविषयी जिवंत पोरांना सांगत राहणं, हा माझा आयुष्यभराचा धंदा. सरकारी भाषेत त्याला इतिहास शिकवणं म्हणतात. आमची शाळा मालवणच्या किनाऱ्यावर, अगदी वाळूला लागून. माझ्या वर्गाच्या मागच्या खिडकीतून समुद्र दिसायचा आणि पुढच्या खिडकीतून मुख्याध्यापकांची खोली. पोरांची तोंडं पुढे असली तरी कान मागे असायचे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून खेचायचं ते लांबलचक जाळं, ओढायला सुरुवात झाली की आरोळ्या थेट फळ्यापर्यंत यायच्या. त्या आरोळ्यांच्या वरून सम्राट अशोकाला न्यायचं तर गळा लागतो. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या शिस्तीचं तोंडभरून कौतुक केलं. शिस्त माझ्याकडे कधीच नव्हती, नुसता आवाज होता.

बाहेरच्यांना वाटतं, इतिहास शिकवण्यात काय आहे? धडा वाचायचा, सनावळ्या घोकून घ्यायच्या, 'कारणे द्या' लिहून द्यायचं. त्यांना मी एकदा सहावीच्या वर्गावर, खिचडी खाऊन झाल्यानंतरच्या तासाला उभं करीन. पोटं भरलेली, डोळे मिटायला आलेले, बाहेरून खारा वारा. अशा पोरांपुढे 'इसवी सनाच्या पहिल्या शतकात' अशी सुरुवात केलीत की संपलात. अकरा-बारा वर्षांच्या पोराला शतक कळत नाही. त्याला जेवण कळतं, भांडण कळतं आणि कोण कोणाला काय बोललं ते बरोबर कळतं. म्हणून माझा कुठलाही धडा जेवणापासून सुरू व्हायचा. हडप्पाचे लोक काय खात, मौर्यांच्या सैन्याला काय मिळे, रोमचे शिपाई काय शिजवत. टाचणवहीत मी उद्दिष्टं वगैरे साहेबांना आवडतील अशी लिहायचे आणि वर्गात जाऊन सुकटीपासून सुरुवात करायचे.

तर सहावीच्या पुस्तकात जगातल्या मोठ्या धर्मांची ओळख करून देणारा एक छोटा भाग असतो. त्यात ख्रिस्ती धर्माच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद. येशूने प्रेमाची शिकवण दिली, त्यांच्या प्रार्थनास्थळाला चर्च म्हणतात, झालं. एका तळ्याकाठच्या चार कोळ्यांपासून सुरू झालेली गोष्ट तीनशे-साडेतीनशे वर्षांत रोमच्या बादशहाच्या गळी कशी उतरली, यावर एक ओळ नाही. मला याचा दरवर्षी नव्याने राग यायचा. मग त्या एका परिच्छेदाचे मी सात-आठ तास करायचे. मुख्याध्यापक व्हरांड्यात गाठून म्हणायचे, "बाई, पोर्शन!" पोर्शन माझा जन्मात वेळेवर झाला नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी सातवाहनांना अक्षरशः पळवत न्यायचे. त्या घराण्याची मी मनापासून माफी मागते.

या धड्याला आमच्या वर्गातल्या दोन-तीन ख्रिस्ती पोरांची फार पंचाईत व्हायची. एरवी कोणाच्या लक्षातही नसायचं, पण धडा सुरू झाला की अख्खा वर्ग त्यांच्याकडे वळून बघायचा, जणू ही पोरं तेव्हा तिथे हजर होती. एकदा एकाने विचारलंच, "रोमात तुमका सिंहाच्या फुडे घातल्यानी, तेवा लागलां काय रे?" तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "मी तेवा नव्हतंय. आजयेक इचारून सांगतंय."

पण अवघड गोष्टी या पोरांना कधी कधी चुटकीसरशी कळायच्या. रोममध्ये रिवाज होता, बादशहाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप घालायचा. बाकी तुम्ही कुठलाही देव माना, कोणी विचारत नसे. ख्रिस्ती लोक नेमका तेवढा धूप घालायला तयार नव्हते. आता चिमूटभर धुपासाठी राज्य एवढं का चिडलं, हे कॉलेजातल्या पोरांना समजावताना प्राध्यापकांची दमछाक होते म्हणे. मी विचारलं, "देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा तुम्ही काय करता?"

आमच्याकडे गाऱ्हाणं घालणारा देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने एकेक मागणं मागतो आणि जमलेल्या सगळ्यांनी मध्ये मध्ये "होय म्हाराजा" म्हणायचं असतं. सगळा वर्ग ओरडला, "होय म्हाराजा!"

"आणि एक माणूस मुद्दाम गप्प बसला तर?"

मग एक पोरगा विचार करून म्हणाला, "मगे त्या वर्सा मासळी गावली नाय, तर तेच्यामुळेच."

"पावस नाय इलो, तरी तेच्यामुळेच," दुसऱ्याने भर घातली.

झालं. रोमचं सगळं राजकारण दोन वाक्यांत आटोपलं. नदीला पूर आला तरी ख्रिस्ती लोकांमुळे, पाऊस नाही आला तरी त्यांच्यामुळेच. मी खडू खाली ठेवला आणि त्या दिवशी दहा मिनिटं आधी तास सोडला.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षीची आहे.

श्रावण सुरू झाला होता. समुद्र अजून बंद होता. नारळी पौर्णिमेला नारळ घातल्याशिवाय आमच्याकडे होडी पाण्यात जात नाही. त्यामुळे वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप घरीच होते आणि पोरं वैतागलेली होती. मी धडा काढला. "धामापूरचा तलाव बघितलाय ना? त्याच्या कितीतरी पट मोठं एक तळं होतं. त्याच्या काठावर मासेमारी करणारे लोक राहत."

"गोड्या पाण्यातले मासे?" मागून तुच्छतेने आवाज आला. समुद्रावरच्या पोरांना गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मासाच वाटत नाही. येशू ख्रिस्ताची पत माझ्या वर्गात तिथेच थोडी घसरली.

मी नेटाने पुढे गेले. काठाला एक होडी होती. होडीत दोघे भाऊ, याकोब आणि योहान, बापाबरोबर जाळं शिवत बसले होते. बापाचं नाव जब्दी. येशू काठावरून चालत आला, त्याने दोघांना हाक मारली. दोघे उठले. जाळं टाकलं, होडी टाकली, बापाला होडीतच सोडलं आणि त्याच्या मागोमाग निघून गेले. इथे मी नेहमी थोडा वेळ थांबायचे. डोंगराकडच्या गावांतली, आंबा-काजूच्या घरची पोरं या जागी हमखास भारावून जायची. कोळ्यांची पोरं या जागी दरवर्षी गप्प असायची. ती भारावलीत, असा माझा इतकी वर्षं समज होता.

त्या दिवशी सानिका उभी राहिली. किडकिडीत, दोन वेण्या, इतिहासात जेमतेम पास होणारी मुलगी.

"बाई, जाळां तसांच टाकल्यानी? अर्धां शिवलेलां?"

"हो. लगेच उठले."

"नि बापूस काय म्हणालो?"

"ते काही लिहिलेलं नाही."

"कायच म्हणालो नाय? बापूस?"

सगळा वर्ग खो-खो हसायला लागला. आमच्या किनाऱ्यावर हंगामाच्या तोंडावर दोन मुलगे जाळं टाकून निघाले आणि बाप काहीच बोलला नाही, हे समुद्र दुभंगण्यापेक्षा मोठं आश्चर्य होतं. एकाने लगेच उठून जब्दी काय काय म्हणाला असेल याचं प्रात्यक्षिक करून दाखवलं. त्यातला एकही शब्द दिवाळी अंकात छापता येणार नाही. हसली नाही ती फक्त सानिका.

ती का हसली नाही, ते मला ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ दिगंबर, आमचा दिगू, माझाच विद्यार्थी. वर्गात कायम मागच्या खिडकीकडे तोंड करून बसायचा, म्हणून मी त्याला समुद्राचाच समजत होते. त्याच्या बापाने, भिकूने, दिगूसाठी एक नवी होडी बांधून घेतली. लहानशी, देखणी, निळा रंग दिलेली. आणि मागच्या हंगामात, होडी पहिल्यांदा पाण्यात घालायच्या आदल्या दिवशी दिगूने बॅग भरली आणि गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागला. गोव्याच्या हद्दीवरच्या दोडामार्गला खोली घेतली, रोज तिथून जा-ये. जाताना आईला सांगून गेला, बापाला नाही. तेव्हापासून भिकू मुलाशी बोलत नव्हता, फोन घेत नव्हता. होडी माडांखाली झापांनी, माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, झाकून उपडी पडली होती. "हय मासे धरूचे सोडून थय मासे कापता," एवढंच तो कोणी विचारलं तर म्हणायचा.

त्यानंतर माझ्या वर्गावर जब्दीने कब्जाच केला. मी येशूचा धर्म सांगत फिरणाऱ्या पॉलला गावोगाव फिरवून आणला. रोमचे रस्ते सांगितले, बंदरं सांगितली. मालक आणि गुलाम एका पंगतीला बसून जेवायला लागले, साथीच्या रोगात लोक पळून गेले तरी हे लोक आजाऱ्यांजवळ थांबले, म्हणून माणसं त्यांच्याकडे ओढली गेली, हे सांगितलं. पोरांनी सगळं ऐकून घेतलं. आणि प्रत्येक तासाच्या शेवटी कोणीतरी हात वर करायचं. "बाई, आणि जब्दी?" रोमखालच्या भुयारांतल्या भिंतींवर ते लोक खूण म्हणून मासा काढत, हे सांगताना मी फळ्यावर मासा काढला. त्यावर हा बांगडा की पेडवा, असा वाद झाला. तो मिटेपर्यंत घंटा झाली. जाता जाता एक जण म्हणाला, "जब्दीन धरलेलो असतलो."

असं आठवडाभर चाललं. आणि एक दिवस शाळा सुटताना फाटकापाशी भिकू उभा दिसला. डोक्याला टॉवेल, हातात मिटलेली छत्री. फाटकाच्या आत यायला तयार नाही.

"बाईनू, वायच इचारूचां होतां."

मला वाटलं सानिकाच्या अभ्यासाचं असेल. "विचारा ना."

"त्या जब्दीचां फुडे काय झालां?"

सानिका रोज घरी जाऊन सगळं सांगत होती तर. मी म्हटलं, "भिकू, पुस्तकात तेवढंच आहे."

"ह्या कसां? पोरां खंय गेली, कोणाक भेटली, सगळां लिवल्यानी. बापाशीचां कायच नाय?" मग छत्रीच्या टोकाने चिखलात रेघा ओढत म्हणाला, "नाय, घाई नाय. पण पुनवेच्या आदी गावलां तर सांगा."

पौर्णिमेच्या आधी का, ते दुसऱ्या दिवशी सानिकाने डबा खाताना सांगितलं. वेंगुर्ल्याचा एक जण निळी होडी बघून गेला होता. नारळी पौर्णिमेला येऊन तो ती नेणार होता. "बाबा म्हणतत, होडी गेली की विषय संपलो," ती म्हणाली. "मगे दादा इलो तरी काय करतलो हय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं. इतकी वर्षं मी राज्यं बुडवली, पण कधी रडले नव्हते.

आता माझी गंमत बघा. मला रोमचे बादशहा क्रमाने पाठ. कोणी छळ केला, कोणी थांबवला, कोणी स्वतःच तो धर्म घेतला, झोपेतून उठवलंत तरी सांगीन. पण जब्दीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नव्हतं. मी तडक फिलोमिनाकडे गेले. फिलोमिना आमच्याच शाळेत गणित शिकवायची आणि माझ्या शेजारच्या आळीत राहायची. तिने चष्मा लावला, घरातला धर्मग्रंथ काढला आणि हसत सुटली.

"अगो, इतकी वर्सां मी ह्यां वाचतंय. पण जब्दीची चौकशी करणारो ह्यो पयलोच माणूस."

तासभर आम्ही दोघी शोधत बसलो. जब्दी त्या होडीत बसलेला आहे, त्यानंतर स्वतः पुन्हा कुठे येत नाही. पण त्याची बायको सापडली. ती पुढे येशूला भेटते, माझ्या दोन्ही मुलांना तुझ्या उजव्या-डाव्या हाताला बसव, म्हणून गळ घालते. शेवटी क्रूसापाशी ज्या बाया उभ्या होत्या, त्यांतही ती आहे. मला वाटलं, चला, काहीतरी हाताला लागलं. दुसऱ्या दिवशी भिकूला चहाच्या टपरीवर गाठून उत्साहाने सांगितलं.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे बायल पण गेली?"

"तसं नाही हो, म्हणजे..."

"गेलीच ना! मगे जब्दी एकटोच?" तो उठून उभा राहिला. "माझी पण जातली. माडात जावन फोनार बोलता रोज तेच्याशी. तिका वाटता, माका कळणा नाय." आणि छत्री न उघडता पावसातून निघून गेला.

अर्धवट संदर्भ हातात घेऊन धावू नये, असं मी पोरांना जन्मभर शिकवत आले. फिलोमिनाला मी हे सांगितलं, तर ती आणखीच हसली. पण माणूस जिद्दी. गणितातलं उत्तर येईपर्यंत ती पोराला सोडायची नाही, तशी आता ती जब्दीच्या मागे लागली. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि ती व्हरांड्यातून मला हाका मारत आली.

"गावलां! अगो, ती परत इली!"

"कोण परत आली?"

"जब्दीची पोरां! मासे धरूक!"

मी तशीच पर्स काखेत मारून वाळूत उतरले. शाळेच्या फाटकात मी प्रमाण मराठी बोलते, वाळूत पाय पडला की पुन्हा माझ्या माहेरच्या मसुऱ्याची होते. भिकू माडाला पाठ टेकून जाळं शिवत बसला होता. शेजारीच झापांखाली ती निळी होडी. सानिका दोरा धरून देत होती.

"भिकू, आयक," मी धापा टाकत म्हटलं. "सगळां संपल्यावर, त्येंच्या गुरूक मारल्यानी, त्येच्यानंतर ती परत तळ्यार इली. त्येंच्यातलोच एक कोळी, पेत्र, म्हणालो, मी मासे धरूक जातंय. बाकीचे म्हणाले, आमीव येतंव. त्येंच्यात जब्दीचे दोनय झील होते. होडयेत बसले नि गेले."

भिकूचा हात थांबला. "किती वर्सांनी?"

"तीनेक वर्सांनी असात."

"गावलां काय?"

"रातभर कायच नाय गावलां."

तो एकदम मोठ्याने हसला. त्या वर्षात त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. "नाय गावाचांच! सवय मोडली ना!" मग पुढे वाकला. "मगे?"

"मगे सकाळी काठार येशू उभो, मरणातून उठलेलो. तो म्हणालो, उजव्या बाजूक जाळां टाका. टाकल्यानी, तर इतके मासे इले की ओढवना. पण जाळां फाटलां नाय, असां मुद्दाम लिवलेलां आसा. मासे मोजल्यानी पण, आकडो आसा."

"मोजतले नाय तर काय? वाटे घालूक नको?" म्हणजे माणशी हिस्से पाडायला नकोत का. हे तो सहज बोलून गेला, पण मनात त्याचं दुसरंच काही चाललं होतं. बोटं जाळ्याच्या गाठींवरून फिरत होती.

"बाईनू, होडी कोणाची होती?"

"तां लिवलेलां नाय."

"नि जाळां?"

"तांय नाय."

"त्यावेळी नायलॉन नव्हतां. सुती जाळां. ओलां ठेवलां की कुजता, सुकवूक होया, हंगामाच्या हंगामाक शिवूक होया. होडी उन्हात फुटता, झाकूक होयी." तो माझ्याकडे बघून सावकाश म्हणाला, "तीन वर्सांनी पोरां येतत, होडी तयार. जाळां तयार. इतके मासे येवनव फाटणा नाय." आणि मांडीवर थाप मारली. "मगे गावलो ना तुमचो जब्दी!"

सानिका दोरा हातात धरून बापाकडे बघत होती. मी वाळूत बसले. इतिहासात एका माणसाची एकही नोंद नाही आणि तरी तो होता, हे मला कोणी इतक्या आनंदाने कधी सांगितलं नव्हतं. होडी दुसऱ्या कोणाची असेल, असा एक बारीक शिक्षकी संशय माझ्या मनात आला होता. तो मी गिळून टाकला. भिकूने जाळं बाजूला ठेवलं, उठला आणि झापाचा एक कोपरा उचलून होडीच्या फळ्यांवरून हात फिरवला. "वायच तेल लावूक होया," तो स्वतःशीच म्हणाला.

पौर्णिमेला वेंगुर्ल्याचा माणूस टेम्पो घेऊन आला. भिकूने त्याला चहा पाजला, नारळ दिला आणि रिकामा परत पाठवला. तो माणूस इतका चिडला की त्याचा आवाज शाळेपर्यंत आला. सणाची अर्धी शाळा, तास भूगोलाचा होता, पण अख्खी सहावी मागच्या खिडकीत.

भिकूने दिगूला फोन केला का? नाही केला. इतकं सरळ माणूस आमच्याकडे वागत नाही. त्याने बायकोला सांगितलं, "माडात जावन बोलतंस तेवा तेका सांग, होडी हयसर आसा." तेवढं पुरलं. चतुर्थीला दिगू घरी आला. चतुर्थीला येतोच प्रत्येक जण, त्यात मोठंसं काही नाही. पण मागच्या चतुर्थीला तो आला नव्हता.

गणपती विसर्जन झाल्यावर एका सकाळी भिकू पुन्हा फाटकापाशी. या वेळी आत आला, थेट शिक्षक-खोलीच्या दारापर्यंत. चेहरा नुसता फुललेला.

"बाईनू, काल फाटफटी, उजाडाच्या आदी, दिगून होडी न्हेल्यान. मी काठार उभो."

"मग? काय मिळालं?"

"एक पेडवो गावलो नाय!" हे त्याने असं सांगितलं, की शिक्षक-खोलीतल्या सगळ्यांना वाटलं सुरमईंची रास लागली. दिगू दोन दिवसांनी परत दोडामार्गला गेला, नोकरीवर. होडी माडाखाली राहिली. या वेळी उपडी नाही, सरळ, तोंड समुद्राकडे करून.

एक खंत आहे. जब्दी मला नोकरीच्या शेवटच्या वर्षी भेटला. त्याआधीच्या सगळ्या वर्गांमधून मी त्याला तसाच होडीत बसवून पुढे रोमला निघून जात होते. कोळ्यांची पोरं त्या जागी गप्प का व्हायची, ते मला आधी कळायला हवं होतं, असं वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक तपासणी अधिकारी आमच्या शाळेत आले. नवीन होते, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पाठ्यपुस्तक. नेमके माझ्या सहावीवर. मुख्याध्यापक मागे उभे राहून मला डोळ्यांनी 'सातवाहन, सातवाहन' खुणावत होते. पण साहेबांनी पुस्तक उघडलं तेच त्या परिच्छेदापाशी.

"सांगा बरं, ख्रिस्ती धर्माचा प्रसार कशामुळे झाला?"

हात धडाधड वर. एक म्हणाला, रोमचे रस्ते चांगले होते. एक म्हणाला, समुद्रातून बंदरांना जाता येत होतं. एक म्हणाला, एका पंगतीत जेवत म्हणून. साहेब खूश होऊन मान डोलवत होते. मग त्यांनी सानिकाकडे बोट दाखवलं. ती उभी राहिली, साहेबांसमोर म्हणून शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "जब्दीने होडी विकली नाही म्हणून."

साहेबांनी पुस्तकाचं पान पुढे उलटलं, मागे उलटलं. "हा जब्दी कोण?" मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, हे उत्तर कुठून आलं? याला संदर्भ काय?"

मी त्यांना मागच्या खिडकीपाशी नेलं आणि बोट दाखवलं. साहेबांनी चष्मा वर केला, वाकून बराच वेळ बाहेर पाहिलं.

"इथे कुठे काय आहे? मला तर नुसती एक निळी होडी दिसते."

"तीच, सर!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.